सगळ्या चिपांना चालणारा एकच प्रोग्रामर शोधताय? आधी घरातल्या ऊनोकडे बघा

इचलकरंजीहून एका वाचकाचं पत्र आलंय, नाव अर्थातच देत नाही. प्रोग्रामर म्हणजे इथं माणूस नव्हे, कॉम्प्युटरवरचा कोड चिपेत लिहिणारं छोटं यंत्र, आणि ऊनो म्हणजे आर्डुइनोचा शिकायचा बोर्ड. थोडक्यात पत्र असं:

"ताई, वय ४१, सूतगिरणीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. डिप्लोमाला ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकलो, मग वीस वर्षं हात लावला नाही. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आर्डुइनो ऊनो आणला आणि परत नाद लागला. आता मेहुण्याच्या चार मागांवर फेऱ्या मोजणारा छोटा काउंटर करून द्यायचाय, त्यासाठी १० एटीटायनी८५ चिपा आणून ठेवल्यात. शिवाय एक ब्ल्यू पिल बोर्ड, मित्रानं दिलेल्या दोन पिक १६एफ८७७ए आणि डिप्लोमाच्या वेळच्या पाच एटी८९सी५१ घरात आहेत. बोनसमधले सहा हजार बाजूला काढलेत. पण आठ महिने झाले, प्रोग्रामर कुठला घ्यायचा तेच ठरेना. एक जण म्हणतो युनिव्हर्सल घे, कटकट मिटली. दुसरा म्हणतो कंपनीचा ओरिजिनलच घे, डुप्लिकेटनं चिप उडते. तिसरा म्हणतो अडीचशेचा यूएसबीएएसपी बास झाला. मला परत परत खर्च नकोय. घरी 'परत डबा आला का' हे ऐकावं लागतं, मागची दोन पार्सलं तर गिरणीच्या पत्त्यावर मागवली. एकदाच घेतो पण चांगलं घेतो. सगळ्यांना चालेल असा एक सांगा."

नमस्कार दादा,

पार्सल गिरणीच्या पत्त्यावर मागवलं हे वाचून मी मोठ्यांदा हसले, कारण माझा एक युनिव्हर्सल प्रोग्रामर दोन महिने शेजारच्या काकूंच्या कपाटात लपून होता. साडेचार हजारांना घेतला होता, तेव्हाच्या साडेचार हजारांना बरं का, आणि पहिल्या वर्षात वापरला किती वेळा तर तीन वेळा, त्यातलं एकदा नुसतं तो चालू होतो का बघायला. त्यामुळे "एकदाच घेतो पण चांगलं घेतो" हे वाक्य मला चांगलंच ओळखीचं आहे. फ्रीज घेताना ते बरोबरच आहे. पण प्रोग्रामरच्या बाबतीत ते आपल्याला गंडवतं असं माझं मत झालंय, का ते सांगते.

तुमच्या पत्रात चिपा चार जातीच्या आहेत आणि काम एकच आहे. मागावरचा काउंटर. बाकीच्या तीन जाती घरात आहेत म्हणून आहेत, त्यांचं काय करायचं हे तुम्ही कुठंही लिहिलेलं नाही, मी पत्र दोनदा वाचलं. म्हणजे तुम्ही प्रोग्रामर शोधताय तो निम्मा ड्रॉवरसाठी शोधताय. या महिन्यात टेबलावर कुठली चिप असणार आहे एवढंच स्वतःला विचारा, उत्तर एटीटायनी८५ असंच येणार, आणि ते आलं की प्रोग्रामरचा प्रश्न जवळजवळ सुटतो.

कारण असं की प्रत्येक जातीच्या चिपेशी बोलायची भाषा वेगळी आहे. एटीटायनी, एटीमेगा या एव्हीआरवाल्या चिपा सहा वायरींवर बोलतात, त्याला आयएसपी म्हणतात. ब्ल्यू पिलवरची एसटीएम३२ दोन सिग्नल वायरींवर बोलते, ते एसडब्ल्यूडी. पिकची तिसरीच तऱ्हा, तिला प्रोग्रामिंगला उठवायला एका पायावर तेरा व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात. आणि तुमच्या जुन्या एटी८९सी५१ला तर सर्किटमध्ये ठेवून प्रोग्राम करायची सोयच नाही, तिला उचलून पॅरलल प्रोग्रामरच्या सॉकेटमध्येच बसवावं लागतं. पिकवाल्या मायक्रोचिपनं २०१६ मध्ये एव्हीआरवाली ॲटमेल विकत घेतली त्यामुळे एव्हीआर आणि पिक आता एकाच कंपनीच्या झाल्या, आणि कंपनीचे नवे प्रोग्रामर दोन्ही भाषा बोलतात हे खरं, पण पिककिट ५ तुमच्या सहा हजारांत बसत नाही आणि ब्ल्यू पिल तरीही बाहेरच राहते.

मग युनिव्हर्सल डबा काय वाईट? काहीच वाईट नाही. एक्सजीक्यूचा टी४८ आज साधारण पाच ते सात हजारांत पडतो, हजारो चिपांची यादी आहे, लिनक्सवर मिनीप्रो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. जो माणूस जुन्या मशिनरीची कार्डं दुरुस्त करतो, ज्याला जुने ईप्रॉम, म्हणजे जुन्या मेमरी चिपा, वाचून ठेवायचेत, टीव्हीच्या फ्लॅश चिपा लिहायच्यात, त्याच्यासाठी तो डबा सोन्यासारखा आहे. तुमच्या गिरणीतल्या जुन्या ड्राइव्हची कार्डं उद्या घरी यायला लागली तर मीच सांगेन घ्या म्हणून. पण काउंटरचा कोड तुम्ही एकदा लिहून मोकळे होणार नाही. सेन्सर दोनदा मोजतोय, बदल. डिस्प्ले उलटा दिसतोय, बदल. एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा चिप लिहावी लागते, आणि दर वेळी ती ब्रेडबोर्डवरून, म्हणजे पार्ट खोचायच्या पाटीवरून, स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, डब्याच्या सॉकेटमध्ये बसवायची, खटका दाबायचा, लिहायची, परत ब्रेडबोर्डवर. पंधराव्या वेळेला एक पाय वाकतो, विसाव्या वेळेला तुटतो, आणि मग तो उरलेल्या बुंध्याला वायर सोल्डर करायचा रात्री अकराचा प्रकार. मी केलाय तो. आयएसपीत चिप जागची हलत नाही, सहा वायरी लावलेल्याच राहतात आणि तुम्ही नुसतं बटण दाबता. टी४८ला पण आयएसपीचं कनेक्टर आहे, पण तेवढ्यासाठीच घ्यायचा तर सहा वायरींचे सहा हजार झाले.

आता दुसरे मित्र, डुप्लिकेटनं चिप उडते म्हणणारे. यूएसबीएएसपीत डुप्लिकेट-ओरिजिनल हा वादच नीट लागू होत नाही, कारण थॉमस फिशल नावाच्या माणसानं त्याचं सर्किट आणि फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, कुणीही बनवा. बाजारात मिळतो तो त्याच नकाशावर बनलेला. आणि चिप उडते ती चुकीच्या व्होल्टेजनं, उलट्या सप्लायनं, चालू बोर्डावर वायरी हलवल्यानं, तिला समोरच्या प्रोग्रामरवर कुणाचा शिक्का आहे ते कळत नाही. हां, एक जागा मात्र खरीच धोक्याची आहे. स्वस्त यूएसबीएएसपीवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो, आपण ३.३वर लावतो आणि निवांत होतो, पण बऱ्याच बोर्डांवर तो जंपर फक्त सप्लायची पिन बदलतो, डेटाच्या वायरींवर पाचच व्होल्ट येत राहतात. तुमचा काउंटर पाच व्होल्टवर असेल तर काही फरक पडत नाही. पण ३.३ व्होल्टचं काही मॉड्यूल त्याच वायरींवर बसलं असेल तर प्रोग्राम करताना ते काढून ठेवा.

बरं, आता मुद्द्याचं. तुमच्याकडे प्रोग्रामर आहे. तीन वर्षांपासून आहे. तो ऊनो.

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल, एक्झाम्पल्समध्ये जाऊन आर्डुइनो आयएसपी नावाचं स्केच, म्हणजे तयार प्रोग्राम, आहे, ते ऊनोवर टाकलं की ऊनो स्वतःच प्रोग्रामर होतो. जोडणी अशी. ऊनोची १० नंबरची पिन एटीटायनीच्या १ नंबरच्या पायाला, म्हणजे रिसेटला. ऊनोची ११ पाचव्या पायाला, १२ सहाव्याला, १३ सातव्याला. पाच व्होल्ट आठव्या पायाला आणि ग्राउंड चौथ्याला. चिपेवरचा ठिपका किंवा खाच बघून एक नंबरचा पाय ठरवा, घाईत नेमकी चिप उलटी बसते. मग १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये लावा, प्लस रिसेटकडे. हा कपॅसिटर का, तर कॉम्प्युटर सिरियल पोर्ट उघडतो तेव्हा ऊनो सवयीनं रिसेट होतो आणि स्वतःच नवा प्रोग्राम घ्यायला बसतो, मग एटीटायनीकडे कोण बघणार, कपॅसिटर तो रिसेट होऊच देत नाही. फक्त क्रम लक्षात ठेवा, स्केच आधी टाकायचं, कपॅसिटर नंतर लावायचा, उलटं केलं तर स्केचच जाणार नाही. चालतंय का ते बघायला ऊनोच्या ९ नंबरच्या पिनवर रेझिस्टर लावून एक एलईडी जोडा, ती मंद-तेज अशी धडधडत राहिली की स्केच जिवंत आहे.

आणि गंमत बघा, नव्या कोऱ्या एटीटायनी८५साठी हा घरचा ऊनो पहिल्या दिवशी विकतच्या यूएसबीएएसपीपेक्षा कमी त्रास देतो. कारखान्यातून ती चिप १ मेगाहर्ट्झवर चालायला सेट होऊन येते. आतला ऑसिलेटर, म्हणजे चिपेचं घड्याळ, ८चा असतो पण त्याला आठनं भागायचं फ्यूज लावलेलं असतं. फ्यूज म्हणजे इथं वितळणारी तार नव्हे, चिपेतलं एक सेटिंग. आणि प्रोग्रामरचं घड्याळ चिपेच्या घड्याळाच्या चौथाईच्या आत असावं लागतं, म्हणजे इथं अडीचशे किलोहर्ट्झच्या आत. आर्डुइनो आयएसपीचं स्केच १६६ किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, नेमका याच चिपेचा विचार करून ठेवलेला वेग आहे तो. यूएसबीएएसपी मात्र ३७५वर बोलायला लागतो. चिपेला ते झेपत नाही आणि स्क्रीनवर लाल अक्षरात एरर येते, मग माणूस म्हणतो डुप्लिकेट निघाला. त्यासाठी त्याच्यावर जेपी३ नावाचा जंपर असतो, तो जोडला की वेग ८ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो. पण स्वस्त बोर्डांवर जेपी३च्या जागी बहुतेक वेळा नुसती दोन भोकं असतात, पिना लावलेल्याच नसतात. वायरचा तुकडा अडकवायचा नाहीतर दोन पिना सोल्डर करायच्या. दुकानदार हे सांगत नाही, त्याला माहीतच नसतं.

पहिल्यांदा लिहिताना अजून एक गोष्ट बघाल. एक सेकंदाला लुकलुकणारी एलईडी टाकाल आणि ती आठ सेकंदांनी लुकलुकेल. चिप बिघडलेली नाही. तुम्ही सॉफ्टवेअरला ८ मेगाहर्ट्झ सांगितलंय आणि चिप अजून १वर आहे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये एटीटायनीकोअर नावाचं जोडपॅकेज टाकून ८ मेगाहर्ट्झ इंटर्नल निवडायचं आणि एकदा बर्न बूटलोडर दाबायचं. नावावर जाऊ नका, तुमच्या या जोडणीत त्यानं बूटलोडर, म्हणजे चिपेत राहून नवा कोड घेणारा छोटा प्रोग्राम, वगैरे काही जात नाही, फक्त फ्यूज लिहिले जातात. मग लुकलुक बरोबर एक सेकंदावर येते. तो क्षण मस्त असतो, खरंच.

फ्यूजचा विषय निघालाच तर तुमची चिप उडायची भीती कुठून आली असावी ते मला ओळखता येतंय, कारण माझी पण तिथूनच आली होती. एटीमेगा८वर शिकत होते तेव्हा मी फ्यूजमध्ये बाहेरचा क्रिस्टल निवडला आणि बोर्डावर क्रिस्टल लावलेलाच नव्हता. चिप गप्प. दुसरी घेतली, तेच केलं, गप्प. तिसरी पण. तिन्ही कचऱ्यात टाकल्या आणि दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. सहा महिन्यांनी कळलं की त्या तिन्ही जिवंत होत्या, त्यांना फक्त घड्याळ मिळत नव्हतं, क्रिस्टलच्या पायावर बाहेरून साधा चौकोनी सिग्नल दिला असता, दुसऱ्या आर्डुइनोच्या पिनवरून सुद्धा, तर उठून बसल्या असत्या. तेव्हापासून गप्प झालेली चिप मी फेकत नाही, डबीत ठेवते. तुम्हीपण ठेवा. एटीटायनीवर एकच फ्यूज असा आहे की त्याच्या वाटेला जायचं नाही, रिसेट डिसेबल नावाचा. पाय कमी पडतात म्हणून रिसेटचा पायही वापरायचा मोह होतो, आणि तो फ्यूज लागला की आयएसपीचं दार बंद, मग बारा व्होल्टवाली हाय व्होल्टेज पद्धत लागते. तीही ऊनो, एक ट्रान्झिस्टर आणि चार-पाच रेझिस्टरवर जमते, पण आत्ता त्यात पडू नका. एक सेन्सर आणि दोन वायरींचा डिस्प्ले एवढंच असेल तर पाच पाय पुरतात.

खरं सांगू का, तुमच्या काउंटरमध्ये मला प्रोग्रामरपेक्षा जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते, आणि आठ महिन्यांत तिच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. लाइट गेली की आकडा कुठं राहणार? तुम्ही म्हणाल ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या चिपेतल्या मेमरीत. बरोबर. पण या चिपेचं ईईप्रॉम एका जागी साधारण १ लाख वेळा लिहिता येतं. मागाच्या मिनिटाला दीडशे फेऱ्या धरा, प्रत्येक फेरीला तुम्ही आकडा लिहिलात तर १ लाखाला किती वेळ लागला? ६६६ मिनिटं, म्हणजे अकरा तास. एका बारा तासांच्या पाळीतच हमीचा आकडा संपला. बरं ती त्या क्षणी मरते असं नाही, पण पुढं भरवसा नाही, आणि मेहुणा पगार त्या आकड्यावर काढणार असेल तर घरात भांडणंच. दर शंभर फेऱ्यांनी लिहा आणि दर वेळी जागा बदला, ५१२ बाइट आहेत, चार-चार बाइटांच्या १२८ जागा होतात. किंवा सप्लाय पडायला लागल्याचं ओळखून फक्त तेव्हाच लिहा, त्याला कपॅसिटर जरा मोठा लागेल. आणि इथं प्रोग्रामरचा पण संबंध येतो बघा, नवा कोड टाकताना चिप आधी पूर्ण पुसली जाते आणि त्यात ईईप्रॉमही पुसलं जातं, म्हणजे कोडमधली एक चूक सुधारायला गेलात आणि महिन्याचा आकडा गेला. ते टिकवायचा वेगळा फ्यूज आहे, एटीटायनीकोअरच्या मेनूत ईईप्रॉम राखायचा पर्याय दिलाय, बर्न बूटलोडर दाबायच्या आधी तो निवडा. हे सगळं सहा हजारांच्या डब्यावर पण असंच करावं लागलं असतं.

अजून एक शंका विचारते, राग मानू नका. सुटी चिपच का हवी? दहा आणून झाल्यात त्यामुळे आता वापराच, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. सुटी एटीटायनी८५ आज काही खूप स्वस्त राहिलेली नाही, आणि डिजिस्पार्कसारखा छोटा बोर्ड, त्याच्यावर हीच चिप आणि यूएसबीवरून कोड घेणारा बूटलोडर असलेला, बऱ्याचदा जवळपास त्याच भावात मिळतो. चारच नग करायचेत तर प्रोग्रामरची भानगडच नाही. सुटी चिप परवडते ती तुम्ही पन्नास नग करणार असाल तेव्हा, बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचं असेल तेव्हा, किंवा शिकायची हौस असेल तेव्हा. तुमची हौस आहे हे मला दिसतंय आणि हौस हे पुरेसं कारण आहे.

मग यूएसबीएएसपी घ्यायचाच नाही का? घ्या, पण पहिला काउंटर ऊनोवर चालला की मग. तेव्हा ऊनो अडकून पडल्याचा कंटाळा येईल आणि वेगळा प्रोग्रामर का लागतो ते आपोआप कळेल. दोनशे ते साडेतीनशेत मिळतो. घेताना दहा पिनांचं सहा पिनांत रूपांतर करणारा छोटा ॲडॉप्टर मागा, पाचपन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, नाहीतर दर वेळी वायरी मोजत बसाल. विंडोजवर तो नुसता लावून ओळखला जात नाही, झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि इथंच निम्मे लोक बोर्ड खराब म्हणून परत करतात. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, फक्त परवानगीचा नियम लिहावा लागतो. एव्हीआरड्यूडनं, म्हणजे कॉम्प्युटरवरून एव्हीआर चिपेत कोड लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनं, "एससीके पिरियड सेट करता येत नाही, फर्मवेअर बघा" अशी वॉर्निंग दिली तर घाबरू नका, बोर्डावर जुनं फर्मवेअर आहे एवढाच त्याचा अर्थ, काम होतं. फक्त अशा बोर्डावर सॉफ्टवेअरमधून वेग कमी करता येत नाही, जेपी३च लागतो. आणि ते फर्मवेअर बदलायचंच असेल तर जेपी२ जोडून तुमच्या त्याच ऊनोनं ते बदलता येतं. म्हणजे फिरून ऊनोच.

कोल्हापुरात मिळाला तर तिथं बघा, पुण्याला जाणं झालं तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड. समोर उभं राहून घ्यायचा फायदा एवढाच की एक एटीमेगा सोबत नेली तर लॅपटॉपवर तिथंच बघता येतं. हो म्हणतात बरेच जण. एका दुकानात मात्र मला "वापरून बघितला तर घ्यावाच लागेल" असं ऐकवलं होतं, मी निघून आले.

ब्ल्यू पिलला प्रोग्रामर न घेता पण सुरुवात होते, चिपेतच सिरियल बूटलोडर आहे, बूट झिरोचा जंपर १वर करून शंभर-दीडशेच्या यूएसबी टू सिरियल मॉड्यूलनं कोड जातो. पण एसटीएम३२वर पुढं गंभीरपणे काम करणार असाल तर एसटी-लिंक हा तिचा प्रोग्रामर घ्याच, कारण तिथं तो नुसता कोड लिहीत नाही, चालू प्रोग्राम मध्येच थांबवून कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवतो, आणि ती चटक लागली की परत सिरियलवर प्रिंट करत बसवत नाही. तीनशे-चारशेची कॉपी चालते. फक्त तिच्या पत्र्याच्या कव्हरवर छापलेला पिनांचा क्रम आणि आतल्या बोर्डावरचा क्रम कधीकधी वेगळा असतो, कव्हर सरकवून आत बघा आणि मगच वायर लावा, इथं मात्र खरंच काहीतरी जळू शकतं. यूएसबीएएसपीसारखं हे खुलं डिझाइन नाही, ही सरळ नक्कलच, ते मनाला पटत नसेल तर एसटी कंपनीचाच न्यूक्लिओ बोर्ड घ्या, त्याच्यावर ओरिजिनल एसटी-लिंक बसवलेलाच येतो आणि दोन जंपर काढले की तो बाहेरच्या बोर्डाला वापरता येतो. डेव्हलपमेंट बोर्ड वर फुकट पडला असं समजा.

पिकच्या दोन चिपा मित्राला परत द्या. दोन चिपांसाठी हजार-दीड हजाराची पिककिट ३ची कॉपी घ्यायची, आणि एमप्लॅब एक्स या मायक्रोचिपच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांनी पिककिट ३चा सपोर्ट काढलाय त्यामुळे जुनी आवृत्ती शोधत बसायचं, कशाला? पिकवरच शिकायचं ठरवलेल्याची गोष्ट वेगळी.

एटी८९सी५१बद्दल जीव तुटतो हे समजतं, आपल्याकडे ज्यानं डिप्लोमा केला त्याचा ८०५१वर जीव असतोच. पण त्या पाच चिपांसाठी पॅरलल प्रोग्रामर घेऊ नका. ८०५१च लिहायची हुक्की आली तर एटी८९एस५२ आणा, नावात सीच्या जागी एस, पाय जवळपास तेच, कोड तोच, आणि तिला आयएसपी आहे, आपल्याकडे बरेच जण यूएसबीएएसपी आणि प्रोगआयएसपी नावाच्या सॉफ्टवेअरवर करतात. क्रिस्टल मात्र लावायला विसरू नका, तिच्यात आतलं घड्याळ नाही, क्रिस्टलशिवाय ती प्रोग्रामरशी बोलतच नाही.

बाकी ज्यांनी असंच विचारलंय, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिकोवाल्यांनी, त्यांना काहीच घ्यायचं नाहीये, पिकोचं बूटसेल बटण दाबून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाका, झालं. नव्या पिढीच्या एटीटायनी, म्हणजे ४१२, १६१४ वगैरे, यांना यूएसबीएएसपी चालत नाही हे मात्र घेण्याआधी लक्षात ठेवा, त्यांची भाषा यूपीडीआय, पण तीसुद्धा साध्या यूएसबी टू सिरियल मॉड्यूल आणि एका रेझिस्टरवर जमते. आणि सीएच३४१ए नावाचा काळा बोर्ड अडीचशेला दिसतो तो मायक्रोकंट्रोलरसाठी म्हणून उचलू नका, तो मुख्यतः फ्लॅश आणि ईईप्रॉम चिपांसाठी आहे.

राहिलं घरचं. वहिनी "परत डबा आला का" म्हणतात त्यात मला चूक दिसत नाही, आठ महिन्यांत डबे आले आणि चालणारी एकही वस्तू दिसली नाही. दहातली एक एटीटायनी मेहुण्याच्या आधी घरच्या पाण्याच्या टाकीला लावा, टाकी भरली की वाजणारा बझर, चार-पाच पार्ट, एका रविवारचं काम. सहा हजारांतले पाच हजार सातशे परत बँकेत टाका आणि ते त्यांना सांगून टाका, मी काकूंच्या कपाटातून डबा आणला त्या दिवशी जे ऐकलं त्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

या रविवारी फक्त १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आठ पायांची दोन आयसी सॉकेटं आणि ०.१ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर आणा, ते ०.१वाले प्रत्येक चिपेच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांना अगदी चिकटून लावायचे, मागाच्या मोटारीशेजारी त्यांच्याशिवाय चिप वेड्यासारखी रिसेट होत राहील. जोडणी झाली की एव्हीआरड्यूडला चिपेची सिग्नेचर, म्हणजे ओळखीचा आकडा, विचारा. वन-ई, नाइन-थ्री, झिरो-बी आली तर ती तुमची एटीटायनी८५ आहे, बोलतेय, पुढं जा. नुसती शून्यं आली तर पाचव्या आणि सहाव्या पायाच्या वायरींची अदलाबदल झालीय का ते आधी बघा, माझी दर वेळी तिथंच होते. काय आलं ते कळवा.